सात वचनांपुढे बसून

बायबल वाचून झाल्यावर केलेली प्रार्थना खरोखर त्या वाचनातून उगवली का, हे तपासायची एक सोपी कसोटी आहे. वाचलेला शास्त्रभाग झाकून ठेवायचा आणि नुकतीच केलेली प्रार्थना आठवायची. तीच प्रार्थना दुसऱ्या कुठल्याही भागानंतर जशीच्या तशी करता आली असती, तर वाचन एकीकडे झालं आणि प्रार्थना दुसरीकडे. ‘प्रभू, माझा विश्वास वाढव, मला तुझ्या मार्गाने चालव, घरच्यांना सांभाळ’ या मागण्यांत वाईट काहीच नाही. पण त्या आंधळ्या बार्तीमयाच्या गोष्टीनंतरही चालतात आणि नोहाच्या तारवानंतरही. मग मधे वाचलं ते कशासाठी?

याचा दोष बहुतेक जण स्वतःच्या भक्तीला देतात. मन लागत नाही, पूर्वीची ओढ राहिली नाही, वगैरे. माझ्या मते दोष बहुतेक वेळा वाचनात असतो. वाचन मोघम झालं की प्रार्थना मोघम होते. कोण कोणाला काय म्हणालं, कधी म्हणालं, कोण गप्प राहिलं, हे नीट पाहिलं असेल तर मागणंही नेमकं होतं. अभ्यास डोक्याचा आणि प्रार्थना हृदयाची अशी वाटणी करणं सोयीचं आहे खरं, पण तिच्यात दोन्हींचं नुकसान होतं. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या, कार्थुसियन या ख्रिस्ती संन्यासी संघातल्या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. लोक या चार पायऱ्या पाठ करतात आणि त्याने पुढे जोडलेली गोष्ट विसरतात: मननावाचून वाचन कोरडं राहतं, वाचनावाचून मनन भरकटतं, मननावाचून प्रार्थना कोमट होते आणि प्रार्थनेवाचून मननाला फळ येत नाही. म्हणजे एक पायरी ओलांडली की दुसरीकडे जायचं असा हा जिना नाही. चारही पायऱ्यांवर पुन्हा पुन्हा खालीवर करावं लागतं.

आधी उतारा किती घ्यायचा ते ठरवावं. वर्षभरात अख्खं बायबल वाचून काढायच्या योजना असतात. स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी 1842 मध्ये आपल्या मंडळीसाठी (चर्चसाठी) केलेली योजना आजही वापरात आहे: रोज साधारण चार अध्याय, वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. ग्रंथाची एकूण ओळख होण्यासाठी असं भराभर वाचन लागतंच. मननासाठी मात्र ते उपयोगी नाही. चार अध्याय संपवायचे असले की डोळे पुढच्या पानावर असतात आणि खूण करायचा आनंद वाचनाच्या आनंदापेक्षा मोठा होतो. मननाला सहा ते बारा वचनं पुरे. गोष्ट असेल तर पूर्ण प्रसंग घ्यावा, नव्या करारातलं एखादं पत्र असेल तर एक अख्खा मुद्दा, स्तोत्र छोटं असेल तर सगळं. दोन्ही प्रकारचं वाचन करायचं असेल तर वेळा वेगळ्या ठेवाव्यात, एकाच बैठकीत कोंबू नये.

उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यासाठी अध्यायांच्या आकड्यांवर विसंबू नये. ते मूळ लेखकांचे नाहीत. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, इंग्रज धर्मपंडित स्टीफन लँगटन यांच्या नावावर असलेली. नव्या करारातल्या वचनांचे आकडे रोबेर एतिएन या मुद्रकाने 1551 च्या आवृत्तीत घातले. शोधायला ते फार सोयीचे आहेत, पण कधीकधी ते भलत्याच जागी तुकडा पाडतात. दुःख सोसणाऱ्या सेवकाचं गीत यशयाच्या 53 व्या अध्यायात आहे असं सगळे म्हणतात, पण ते सुरू होतं 52:13 ला, म्हणजे 52 व्या अध्यायाच्या 13 व्या वचनाला. पहिल्या तीन वचनांत सेवकाला उंचावलं जाईल हे सांगून टाकलेलं आहे आणि मग त्याची विटंबना येते. 53:1 पासून सुरू केलं तर ही चौकटच हातून जाते. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात ‘माझे अनुकरण करा’ हे वचन 11:1 म्हणून छापलेलं असतं, पण ते दहाव्या अध्यायातल्या चर्चेचा शेवट आहे. तेव्हा अध्यायाच्या आधीची चार आणि नंतरची चार वचनं नजरेखालून घालून मगच सीमा ठरवावी.

एका बैठकीला साधारण चाळीस मिनिटं धरावीत. पहिली दोन-तीन मिनिटं नुसतं बसण्यात जातात आणि ती जाऊ द्यावीत. मग उतारा मोठ्याने वाचायचा. पुटपुटणं चालेल, पण कानांना ऐकू यायला हवं. डोळ्यांनी वाचताना ओळखीची वाक्यं आपण गिळून टाकतो. जीभ आपल्याला तसं करू देत नाही. दुसरं वाचन याच्या निम्म्या वेगाने, पेन्सिल हातात घेऊन. दोन वाचनांत मिळून पाचेक मिनिटं गेली की पुढची बारा-पंधरा मिनिटं निरीक्षणाची, तेवढीच प्रार्थनेची आणि शेवटची पाच गप्प बसण्याची. घड्याळ लावून काटेकोर वाटणी करायची गरज नाही, पण निरीक्षणाची मिनिटं कमी करून प्रार्थनेकडे धावू नये. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे उताऱ्यात काय आहे ते, उजवीकडे त्यावरून देवाला काय म्हणायचं ते. सुरुवातीला उजवी बाजू भराभर भरते आणि डावी रिकामी राहते. अडचण नेमकी कुठे आहे, ते तिथेच दिसतं.

आता डावी बाजू कशी भरायची, ते एका उताऱ्यावर पाहू. मार्क 10:46 ते 52, सात वचनं. यरीहोबाहेर वाटेच्या कडेला बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय. गोष्ट इतकी ओळखीची की ‘येशूने आंधळ्याला दृष्टी दिली’ असं एक वाक्य मनात तयार होतं आणि वाचन तिथेच संपतं.

आधी क्रियापदं बघावीत. तो बसला आहे. ऐकतो, ओरडतो, गप्प कर म्हटल्यावर आणखी ओरडतो, अंगावरचा झगा टाकतो, उडी मारून उठतो, येतो, मागतो आणि शेवटी येशूच्या मागे वाटेने चालू लागतो. 46 व्या वचनात तो वाटेच्या कडेला आहे, 52 व्यात वाटेवर. ती वाट कुठे जाते? पुढचाच अध्याय यरुशलेमेच्या प्रवेशाचा आहे. आणि थोडं मागे, 10:32 ते 34 मध्ये, यरुशलेमेत आपल्याला धरतील आणि मारतील हे येशूने शिष्यांना तिसऱ्यांदा सांगितलं आहे. म्हणजे दृष्टी आल्यावर हा माणूस ज्या वाटेला लागला ती वधस्तंभाकडे जाणारी आहे.

मग गर्दी. 48 व्या वचनात ती त्याला दटावते. 49 व्यात तीच गर्दी म्हणते, धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतो आहे. मधे काय झालं? येशू थांबला आणि म्हणाला, त्याला बोलवा. त्याने स्वतः हाक मारली नाही. ज्यांनी तोंड बंद करायला सांगितलं होतं त्यांच्याच तोंडून बोलावणं पाठवलं. हे दोन ओळींत घडतं आणि शंभरदा वाचूनही निसटू शकतं.

मग प्रश्न. येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हाच प्रश्न त्याने थोड्याच वेळापूर्वी, 10:36 मध्ये, जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान यांना विचारला आहे. त्यांनी मागितलं उजव्या-डाव्या हाताला बसणं. बसलेला भिकारी मागतो दिसणं, आणि उठून चालू लागतो. मार्कने हे दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवले आहेत. आणि डोळस शिष्यांना काय दिसत नाही हे कळायला तेवढं शेजार पुरेसं आहे.

झगाही घ्या. निर्गम 22:26 आणि 27 मध्ये नियम आहे: शेजाऱ्याचं पांघरायचं वस्त्र गहाण घेतलंस तर सूर्य मावळण्याआधी परत दे, कारण त्याच्याकडे अंगावर घ्यायला तेवढंच आहे. यरीहोच्या भिकाऱ्याने जे भिरकावलं त्याची किंमत या नियमावरून कळते. त्याच दहाव्या अध्यायात, 22 व्या वचनात, पुष्कळ मालमत्ता असलेला एक जण, सगळं विकून माझ्यामागे ये हे ऐकून, खिन्न होऊन निघून गेलेला आहे.

एवढं पाहायला भाष्यग्रंथ लागला नाही. आधीचा अर्धा अध्याय, पुढचं पान आणि एक समांतर संदर्भ, बस. भाष्य उघडायचं ते यानंतर. आधी उघडलं की आपण दुसऱ्याचं निरीक्षण वाचतो आणि आपलं करायचं राहून जातं. अपवाद एकच: उताऱ्यातली एखादी चालीरीत किंवा नाव अजिबात कळत नसेल आणि त्यावाचून वाक्यच लागत नसेल, तर तेवढ्यापुरतं बघून ग्रंथ मिटावा. समांतर संदर्भांचंही तेच. तळटीपेतल्या एका संदर्भावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असं गेलं की अर्ध्या तासाने हाती पंचवीस वचनं असतात आणि मूळची सात कुठेतरी मागे पडलेली. मत्तय 20 मध्ये दोन आंधळे आहेत, लूक 18 मध्ये येशू यरीहोजवळ येत असतानाची गोष्ट आहे. तिन्हींची सांगड घालणं हा स्वतंत्र अभ्यास आहे, तो दुसऱ्या दिवशी. मार्क वाचताना मार्कचंच ऐकावं.

आता रेघेची उजवी बाजू. इथे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची एक युक्ती फार कामाची आहे. त्याचा न्हावी पेटर याने प्रार्थना कशी करावी असं विचारलं तेव्हा 1535 मध्ये त्याने त्याच्यासाठी एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात दहा आज्ञांमधली एकेक आज्ञा घेऊन तिचे चार पदर करायला सांगितले आहेत: ही मला काय शिकवते, कशाबद्दल उपकार मानायला लावते, कशाची कबुली द्यायला लावते आणि काय मागायला लावते. कुठल्याही शास्त्रभागाला हे चार प्रश्न लागू पडतात. फक्त उत्तर डाव्या रकान्यातल्या एखाद्या ठरावीक निरीक्षणाला बांधलेलं हवं. बार्तीमयावरून कबुली द्यायची तर ‘मी पापी आहे’ एवढ्यावर भागत नाही. मी कोणाला गप्प बसवलं? घरात, मंडळीत, कामाच्या जागी कोणाचा आवाज नकोसा वाटतो? त्याचं नाव घ्यायचं. आणि मग ज्याला दटावलं त्यालाच बोलावणं पोचवायचं काम माझ्याकडे आलं तर मी ते करीन का, हे देवाला सांगायचं.

मागणं म्हणाल तर या उताऱ्यात प्रश्न आयता आहे. तो स्वतःला विचारलेला आहे असं धरून एका वाक्यात उत्तर द्यायचा प्रयत्न करावा. फार अवघड जातं. आपण मागण्यांची यादी देतो, किंवा ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ म्हणून सुटका करून घेतो. बार्तीमय आंधळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, तरी त्याला विचारलं गेलं आणि त्याने सांगितलं. त्या वाक्यापाशी पाच-सात मिनिटं गेली तरी ती वाया गेली असं समजू नये.

देवाविषयी बोलण्याकडून देवाशी बोलण्याकडे जायचं वळण 23 व्या स्तोत्रात उघड दिसतं. पहिली तीन वचनं देवाविषयी बोलतात: तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथून भाषा बदलते: तू माझ्याबरोबर आहेस, तू माझ्यापुढे ताट वाढतोस. ‘तो’चा ‘तू’ होतो तो दरीत. मनन करताना आपण देवाविषयी सुंदर विचार करत राहतो आणि त्यालाच प्रार्थना समजतो, तेव्हा हे स्तोत्र आठवावं. वहीतली वाक्यं तपासली तर लगेच कळतं. उजव्या रकान्यातही ‘देव दयाळू आहे’ अशीच वाक्यं असतील तर ती अजून डावीकडचीच आहेत. ‘तू’ म्हणून पुन्हा लिहावीत. मग बरीचशी वाक्यं लिहवत नाहीत, कारण समोरासमोर ती खरी वाटत नाहीत. तिथून खरं बोलणं सुरू होतं.

प्रसंग डोळ्यांपुढे आणून त्यात जाऊन बसायचं, ही जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची पद्धत. त्यांच्या आत्मिक साधनेच्या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिली. त्यात जागा डोळ्यांपुढे उभी करणं, माणसं पाहणं, ती काय बोलतात ते ऐकणं, काय करतात ते बघणं आणि शेवटी मित्राशी बोलावं तसं प्रभूशी बोलणं, असा क्रम येतो. सुरुवातीलाच ‘मला आज काय हवं आहे’ ते मागून घ्यायला सांगितलं आहे, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची सूचना वाटते. गोष्टींसाठी ही पद्धत उत्तम. धूळ, गर्दीचा रेटा, ओरडून बसलेला घसा, हे मनात आणल्याने उतारा जवळ येतो. धोका असा की कल्पना उताऱ्याला गुंडाळून ठेवते. येशूने मिठी मारली, डोळ्यांत पाणी आलं, असं आपण घालतो आणि पुढच्या वेळी ते शास्त्रातच आहे असं वाटू लागतं. म्हणून शेवटी उतारा एकदा पुन्हा वाचावा आणि आपण घातलेलं काय, छापलेलं काय, हे वेगळं करावं. घातलेलं टाकून द्यायलाच हवं असं नाही, फक्त ते आपलं आहे हे ठाऊक असावं.

दुसरा मोह रूपकाचा. झगा म्हणजे अहंकार, यरीहो म्हणजे जग, गर्दी म्हणजे मनातले विचार. ऐकायला छान वाटतं. पण मार्कने झगा म्हटलं आहे ते झग्यालाच, आणि त्या भिकाऱ्याला रात्री थंडी वाजणार होती. झग्याचा अहंकार केला की ती थंडी नाहीशी होते. आधी वस्तूला वस्तू राहू द्यावी. माझ्याजवळ असं एकच काय आहे जे टाकल्यावर मला थंडी वाजेल, हा प्रश्न खऱ्या झग्यावरूनच विचारता येतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो सुट्या वचनांमुळे. कुठेतरी बोट ठेवून ‘आजचं वचन’ घ्यायचं आणि ते देवाने मला दिलं म्हणायचं. यिर्मया 29:11, तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, आशेचे आहेत, हे वचन परीक्षेच्या आदल्या दिवशी, लग्न ठरताना, नोकरी बदलताना वापरलं जातं. ते आहे बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्यांना लिहिलेल्या पत्रात. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत दिलेली आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परतायच्या आधी मरणार होते. त्याच्याही आधी, पाचव्या ते सातव्या वचनात सांगितलं आहे, तिथे घरं बांधा, मळे लावा, मुलंबाळं होऊ द्या आणि ज्या नगरात नेलं त्या नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. लवकरच परत जाल असं सांगणारे संदेष्टे खोटे आहेत, हेही त्याच पत्रात आहे. हा संदर्भ कळला म्हणून वचन आपल्या हातून जात नाही. उलट त्यावरून करायची प्रार्थना बदलते. ‘माझं काम होऊ दे’ याच्याऐवजी, न आवडणाऱ्या जागी मुळं धरायची तयारी मागावी लागते, आणि ज्यांनी आपल्याला इथे आणून टाकलं त्यांच्या गावाचं भलंही.

फिलिप्पैकरांस पत्रातल्या 4:13 चंही असंच. मला सर्व काही करता येतं, हे वाक्य यशाचा मंत्र म्हणून फिरतं. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तुरुंगात आहे आणि आधीच्या दोन वचनांत तो सांगतो आहे की पोटभर असताना आणि उपाशी असताना, दोन्हींत राहायला मी शिकलो आहे. ‘सर्व काही’मध्ये उपासही येतो. म्हणून कुठलंही वचन उचलायच्या आधी निदान त्याच्या वरचा आणि खालचा परिच्छेद वाचावा, आणि हे कोण कोणाला म्हणत आहे ते वहीत लिहावं. दोन मिनिटांचं काम आहे.

पत्रं वाचायला वेगळा हात लागतो. तिथे प्रसंग नसतो, युक्तिवाद असतो. ‘कारण’, ‘म्हणून’, ‘परंतु’, ‘यासाठी की’ हे शब्द पेन्सिलने गोल करत जावं आणि ‘म्हणून’ दिसलं की कशावरून, ते मागे जाऊन पाहावं. रोमकरांस 12:1 मधलं ‘म्हणून’ आधीच्या अकरा अध्यायांवर उभं आहे. ते विसरून बाराव्यातल्या सूचना घेतल्या की नुसती कामांची यादी होते आणि तिच्यातून अपराधीपणाखेरीज काही निघत नाही. इफिसकरांस 1:3 ते 14 मूळ ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे. ते एका बैठकीत पेलत नाही. दोन-दोन वचनं घेऊन आठवडा लावावा. पौलाच्या स्वतःच्या प्रार्थना मात्र जशाच्या तशा उचलण्यासारख्या आहेत: इफिसकरांस 3:14 ते 21, फिलिप्पैकरांस 1:9 ते 11, कलस्सैकरांस 1:9 ते 12. ‘तुम्ही’च्या जागी एखाद्या माणसाचं नाव घालून वाचावं. मग लक्षात येतं की तो त्यांची परिस्थिती बदलायला जवळजवळ मागतच नाही. प्रेम ज्ञानाने आणि विवेकाने वाढावं, हे मागतो. नावडत्या माणसाचं नाव घालून फिलिप्पैकरांस पत्रातली ही तीन वचनं म्हणून पाहावीत.

स्तोत्रं तर प्रार्थनाच आहेत, म्हणून ती सोपी, असा समज आहे. स्तुतीची स्तोत्रं सोपी आहेत खरी. पण 150 पैकी मोठा भाग विलापाचा आहे आणि तिथे वाचक अवघडतो. 13 वं स्तोत्र शिकण्यासाठी चांगलं, सहाच वचनं. पहिल्या दोहोंत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसऱ्या-चौथ्यात मागणं. पाचव्या-सहाव्यात भरवसा आणि गाणं. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मधे परिस्थिती बदलल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. हे स्तोत्र प्रार्थनेत घेताना स्वतःचे चार ‘कोठवर’ लिहावेत, खरेखुरे, देवाला ऐकायला बरे वाटतील असे नव्हेत. शेवटची दोन वचनं आज तोंडातून निघत नसतील तर चौथ्यापाशी थांबावं, उद्या पुन्हा तिथूनच पुढे. 88 वं स्तोत्र तर शेवटपर्यंत वळतच नाही, अंधारात संपतं. कुणीतरी ते तसंच ग्रंथात ठेवलं आहे, आनंदी शेवट जोडलेला नाही. अशा प्रार्थनेलाही जागा आहे, एवढं त्यावरून घ्यावं.

शाप देणाऱ्या स्तोत्रांचं काय करायचं? 137 व्याचा शेवट, बाबेलची बाळं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारा, वाचून कोणाच्याही अंगावर काटा येतो. बरेच जण तेवढी वचनं गाळतात. गाळू नयेत. पेटलेल्या नगरातून ओढून नेलेली माणसं बोलत आहेत, आणि सूड घ्यायला निघण्याऐवजी ती देवाकडे तोंड करून बोलत आहेत. आपल्यावर तसं काही गुदरलेलं नसेल तर ही वचनं आपली म्हणून न म्हणता, आज ज्यांची घरं-मुलं गेली आहेत त्यांच्यासाठी म्हणावीत. आणि शेजारी मत्तय 5:44, ‘आपल्या शत्रूंवर प्रीती करा’, ठेवावं. दोन्ही एकमेकांना गप्प करत नाहीत.

वंशावळी, मोजमापं, याद्या यांवर रोज मनन करायची सक्ती नको. तरी एखादी थांबून वाचण्यासारखी असते. मत्तयाने पहिल्या सतरा वचनांत चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन ओळी मांडल्या आहेत. मरीयेखेरीज चार बायका त्यात येतात: तामार, राहाब, रूथ आणि चौथी, जिचं नाव न घेता तिला उरीयाची बायको म्हटलं आहे; दावीद राजाने तिच्याशी व्यभिचार करून उरीयाला मारवलं होतं. दावीदाचं सर्वांत मोठं पाप ख्रिस्ताच्या वंशावळीत असं उघडं छापलेलं आहे. आपल्या घरात ज्याविषयी बोलायचं नाही असं ठरलेलं असतं, ते देवापुढे काढायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

हे सगळं करूनही काही दिवस कोरडे जातात. मन दर मिनिटाला बाहेर पळतं. पळालेल्या मनाशी भांडण्यात वेळ घालवू नये. शेवटच्या वाचलेल्या शब्दावर बोट ठेवून ते वचन पुन्हा मोठ्याने वाचावं. तोच तो विचार परत परत येत असेल, एखादं देणं, एखादं भांडण, तर तो वहीच्या कोपऱ्यात टिपून उताऱ्याकडे परतावं. तिसऱ्यांदाही तो आलाच तर बहुधा आजची प्रार्थना त्याचीच आहे. इग्नेशियस यांचा सल्ला असा की कोरड्या वेळी ठरवलेला वेळ कमी तर करू नयेच, उलट थोडा जास्त बसावं. त्यांच्याकडे बैठक तासाची आहे आणि नंतर पाव तास, बसून किंवा येरझारा घालत, ती कशी गेली ते पाहायचं. आपल्या चाळीस मिनिटांना त्यातली पाच पुरतात. कुठे मन थांबलं, कुठे नकोसं झालं, एवढंच लिहायचं. नकोसं झालेल्या जागेकडे दुसऱ्या दिवशी मुद्दाम जावं. तोच उतारा सलग तीन दिवस घेण्यात काही कमीपणा नाही. नवं वचन हवं ही हाव असते, भूक नव्हे. रोजनिशी मात्र फार सजवू नये. पुढेमागे कुणी वाचेल अशा बेताने वाक्यं येऊ लागली की प्रार्थना संपून लेखन सुरू झालेलं असतं.

मनन करताना ‘देवाने मला अमुक कर असं सांगितलं’ असं ठामपणे वाटलं तर घाई नको. ते उताऱ्याच्या साध्या अर्थाशी जुळतं का, बाकीच्या शास्त्राच्या विरुद्ध जातं का, आणि नेमकं आपल्याला आधीपासून हवं होतं तेच तर निघालं नाही ना, हे पाहावं. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल काही ‘मिळालं’ असेल तर दुप्पट सावध राहावं. आपली लबाडी चटकन ओळखणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू माणसाला वही दाखवता आली तर उत्तम.

चार ते आठ जणांच्या गटातही हे करता येतं, पण तिथे नियम कडक हवेत. उतारा तीन वेळा वाचायचा, दर वेळी वेगळ्या आवाजात, मधे दोन-तीन मिनिटं शांतता. पहिल्या वाचनानंतर प्रत्येकाने मनाला लागलेला शब्द किंवा वाक्यांश फक्त उच्चारायचा, कारण द्यायचं नाही. दुसऱ्यानंतर एकेका वाक्यात, हे माझ्या आयुष्यात कुठे लागतं. तिसऱ्यानंतर आपल्या उजवीकडच्या माणसासाठी त्याने सांगितलेलं धरून छोटी प्रार्थना. दुसऱ्याच्या वाक्यावर उत्तर, सल्ला, दुरुस्ती काही नाही. बिघडतं ते इथेच: कुणीतरी दुखरी गोष्ट सांगतो आणि तिघे मिळून त्याला उपाय सुचवू लागतात, किंवा जाणकार माणूस उताऱ्याची पार्श्वभूमी समजावायला घेतो. पार्श्वभूमी आवश्यक असेल तर सुरुवातीला दोन मिनिटांत सांगून टाकावी. आणि ज्याला बोलायचं नाही त्याने ‘पुढे’ म्हणावं, त्याला कुणी कारण विचारू नये.